तापत्या इंजिनाला थंडावा देणारा अभियंता

एप्रिल-मे महिन्यांत कसाऱ्याच्या किंवा खंडाळ्याच्या घाटातून जाणाऱ्यांना एक दृश्य हमखास दिसते. रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस वर्षे जुनी एसयूव्ही बॉनेट उघडून उभी असते, पुढच्या जाळीतून वाफा निघत असतात आणि घरची मंडळी सावली शोधत असतात. चालक हातात पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचे झाकण केव्हा उघडावे, या विवंचनेत असतो. अशा गाडीपाशी एखादा अनुभवी मिस्त्री आला, तर तो हत्यारांना हात लावण्यापूर्वी बहुधा एकच प्रश्न विचारतो : गाडी संथ चालताना तापते, की वेगात असताना?

या साध्या प्रश्नाच्या उत्तरात अर्धे निदान दडलेले असते. वाहतुकीच्या कोंडीत किंवा चढावर काटा वर चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर खाली उतरत असेल, तर दोष बहुतेक वेळा पंख्याकडे असतो. कारण वेगात असताना वारा आपोआप मिळतो, संथ चालताना तो पंख्यालाच द्यावा लागतो. उलट गाडी वेगात असतानाच तापत असेल, तर पाण्याच्या फिरण्यात किंवा रेडिएटरच्या नळ्यांत अडथळा असण्याची शक्यता अधिक असते. पाणी, धातूचा पृष्ठभाग आणि वारा या तीन गोष्टींचा हा हिशेब मोटारीच्या बाबतीत ज्याने प्रथम नीट मांडला, त्या माणसाचे नाव विल्हेल्म मायबाख. आज हे नाव अतिश्रीमंतांच्या आलिशान गाडीवरील मुद्रा म्हणून ओळखले जाते. ते ज्याचे होते तो मात्र सुताराचा अनाथ मुलगा होता आणि आयुष्यातील बहुतेक काळ त्याने दुसऱ्यांच्या नावाने चालणाऱ्या यंत्रांसाठी आराखडे काढण्यात घालवला.

अनाथाश्रमातील आराखडाकार

मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉन या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. पुढे कुटुंब श्टुटगार्टला आले. पण मुलांच्या वाट्याला स्थैर्य आले नाही. विल्हेल्म दहा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघांचेही छत्र हरपले. पाच भावंडांचा सांभाळ कोणी करावा, हा प्रश्न नातेवाइकांपुढे उभा राहिला आणि त्यांनी वर्तमानपत्रात निवेदन दिले. ते पाहून रॉयटलिंगेन येथील एका धर्मादाय संस्थेने विल्हेल्मला आपल्याकडे घेतले.

या संस्थेचे चालक गुस्ताव वेर्नर हे मुलांना केवळ अन्नवस्त्र देऊन थांबणारे गृहस्थ नव्हते. संस्थेला जोडून कारखाना होता आणि मुलांनी हातांना काम शिकावे, असा त्यांचा कटाक्ष होता. या मुलाचा ओढा यंत्रांकडे आहे, हे त्यांनी ओळखले आणि त्याला आराखडे काढण्याच्या विभागात घातले. दिवसा कारखान्यात काम आणि जोडीला गावातील शाळेत गणित व पदार्थविज्ञानाचे धडे, असा त्याचा क्रम सुरू झाला. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तो तयारीचा आराखडाकार झाला होता.

त्याच सुमारास त्या कारखान्याची व्यवस्था गॉटलीब डाइम्लर यांच्याकडे होती. डाइम्लर मायबाखपेक्षा बारा वर्षांनी मोठे, महत्त्वाकांक्षी आणि काहीसे हट्टी. या अबोल तरुणाच्या कागदावरील रेषांत त्यांना काही निराळे दिसले असावे. त्यांनी त्याला आपला मुख्य सहायक केले आणि हे नाते डाइम्लर यांच्या मृत्यूपर्यंत म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे टिकले. डाइम्लर १८६९ मध्ये कार्ल्सरुहेच्या यंत्रकारखान्यात गेले, तेव्हा मायबाखही गेले. डाइम्लर १८७२ मध्ये कोलोनजवळच्या डॉइट्झ येथील गॅस इंजिनांच्या कारखान्यात दाखल झाले, तेव्हा मायबाख त्यांच्यामागोमाग तेथे मुख्य आराखडाकार झाले.

डॉइट्झचा कारखाना निकोलाउस ओटो आणि ऑयगेन लांगेन यांचा होता. येथेच १८७६ मध्ये ओटो यांचे चार आघातांचे इंजिन साकारले. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक पेट्रोल इंजिनांचे मूळ या इंजिनात आहे. मूळ कल्पना ओटो यांची. परंतु ते इंजिन कारखान्यात मोठ्या संख्येने तयार करता येईल असे घडवण्यात मायबाख यांच्या आराखड्यांचा मोठा वाटा होता. हे इंजिन मात्र आकाराने अवजड होते आणि मिनिटाला दीड-दोनशे फेरेच घेत असे. पाण्याची सोय असलेल्या कारखान्यात ते एका जागी रोवलेले असल्याने त्याला थंड ठेवणे फारसे अवघड नव्हते. हौदातून थंड पाणी आत सोडावे आणि तापलेले बाहेर काढावे, एवढ्यावर भागत असे.

काचघरातील इंजिन

ओटो आणि डाइम्लर यांचे पटेनासे झाले आणि १८८२ मध्ये डाइम्लर डॉइट्झमधून बाहेर पडले. सुखाची नोकरी सोडून मायबाखही त्यांच्याबरोबर निघाले. तोवर त्यांचा विवाह झाला होता आणि घरात लहान मूल होते, हे ध्यानात घेतले तर या निर्णयातील धाडस कळते. डाइम्लर यांनी श्टुटगार्टजवळच्या कानश्टाट येथे बंगला घेतला आणि बागेतील काचघर वाढवून तेथे कार्यशाळा थाटली. दारे लावून रात्रंदिवस चाललेल्या ठोकाठोकीमुळे बागेच्या माळ्याला संशय आला. ही मंडळी खोटी नाणी पाडीत असावीत, अशी खबर त्याने दिली आणि पोलिसांनी आत शिरून पाहिले, तर हाती लागली ती केवळ हत्यारे आणि इंजिनाचे भाग.

या दोघांना हलके आणि वेगवान इंजिन हवे होते. असे इंजिन गाडीत, होडीत, पुढेमागे आकाशातही बसवता येईल, असे स्वप्न ते पाहत होते. १८८३ मध्ये त्यांचे पहिले इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेऊ लागले. त्यानंतर आलेले उभे इंजिन दिसायला जुन्या लंबकाच्या घड्याळासारखे असल्याने त्याला तेच टोपणनाव मिळाले. त्याची लहान आवृत्ती १८८५ मध्ये लाकडी दुचाकीवर बसवण्यात आली आणि जगातील पहिली मोटारसायकल म्हणता येईल असे वाहन धावले. पुढच्या वर्षी इंजिन घोडागाडीवर चढले.

मात्र फेरे वाढले, तशी उष्णताही वाढली. इंजिन हे मुळात उष्णतेचेच यंत्र. सिलिंडरमध्ये इंधन पेटते त्या क्षणी आतील वायूंचे तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्याही वर जाते. त्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाके फिरवण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत मुरते. ही उरलेली उष्णता बाहेर काढली नाही, तर तेल जळते, दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकतो आणि इंजिन जागच्या जागी बसते. म्हणजे इंजिनातून किती शक्ती घेता येईल, हे अखेर त्यातून किती उष्णता बाहेर काढता येईल यावर ठरते. पुढची पंधरा वर्षे मायबाख यांना या प्रश्नाने सोडले नाही.

पाण्याचा प्रश्न

त्या काळी यावर सरळ उपाय एकच होता. इंजिनाभोवती पाणी ठेवायचे, ते उकळू द्यायचे आणि वाफ होऊन गेले की पुन्हा भरायचे. मानहाइम येथील कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी गाडीत हीच व्यवस्था होती. त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ ऑगस्ट १८८८ मध्ये दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीतून गेल्या, तेव्हा वाटेत वारंवार पाणी भरावे लागले. उष्णता वाफेवाटे सोडून द्यायची, तर गाडीबरोबर विहीर असायला हवी, हाच त्याचा अर्थ होता.

मायबाख यांना तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे होते. १८८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डाइम्लर यांनी मांडलेली पोलादी चाकांची गाडी मायबाख यांच्या आग्रहातून जन्मली होती. घोडागाडीला इंजिन जोडण्याऐवजी इंजिनासाठीच गाडी घडवावी, असे त्यांचे मत होते. या गाडीचा सांगाडा पोकळ पोलादी नळ्यांचा होता आणि इंजिन थंड करणारे पाणी त्या नळ्यांतूनच फिरत असे. गाडीचा सांगाडा हाच तिचा रेडिएटर होता. लहानशा इंजिनाला ही युक्ती पुरली. शक्ती वाढताच ती अपुरी पडणार हे उघड होते. त्यानंतर त्यांनी इंजिनाच्या जड चाकाच्या पोकळ कडेतून पाणी फिरवून पाहिले. चाक फिरताना हवा लागे आणि पाणी निवत असे. हाही उपाय काही काळच चालला.

याच काळात त्यांच्या आयुष्यालाही तडे जात होते. १८९० मध्ये डाइम्लर मोटर कंपनी स्थापन झाली. पण त्यासाठी लागलेल्या भांडवलाबरोबर नवे मालकही आले. मायबाख यांना देऊ केलेला करार त्यांना स्वीकारता येण्याजोगा नव्हता आणि संचालक मंडळावर त्यांना स्थान नव्हते. फेब्रुवारी १८९१ मध्ये ते बाहेर पडले. ज्या कंपनीचे प्रत्येक इंजिन त्यांच्या हातून उतरले होते, तिच्यात त्यांना जागा उरली नाही. काही काळ त्यांनी आपल्या राहत्या घरीच काम केले. पुढे डाइम्लर यांनी पैशांची सोय करून कानश्टाटमधील बंद पडलेल्या हॉटेल हेरमानचे दालन भाड्याने घेतले आणि मोजके कामगार व शिकाऊ मुले घेऊन मायबाख तेथे कामाला लागले.

या अडचणीच्या काळातच त्यांचे काही उत्तम काम झाले. १८९३ मध्ये त्यांनी फवाऱ्याचा कार्ब्युरेटर तयार केला. बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा हवेत मिसळायचा, ही त्यामागची कल्पना. पुढे जवळजवळ शतकभर जगभरच्या पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर चालल्या. त्यापाठोपाठ फिनिक्स नावाचे इंजिन आले. तिकडे मूळ कंपनीची अवस्था मात्र बिकट होत चालली होती. अखेर डाइम्लर इंजिनांचे हक्क घेऊ इच्छिणाऱ्या फ्रेडरिक सिम्स या इंग्लंडमधील उद्योजकाने डाइम्लर यांना परत बोलावण्याची अट घातली. १८९५ मध्ये डाइम्लर परतले आणि मायबाख तांत्रिक प्रमुख झाले.

परतल्यानंतर १८९७ मध्ये त्यांनी नळ्यांचा रेडिएटर तयार केला. पाण्याच्या टाकीतून अनेक बारीक नळ्या आरपार न्यायच्या आणि त्यांतून वारा जाऊ द्यायचा, अशी ती रचना होती. एकाच जागी साठलेले पाणी सावकाश निवते. तेच पाणी पातळ थरांत विभागून प्रत्येक थराला वारा लागू दिला, तर चटकन निवते. आपण गरम चहा बशीत ओततो, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

आठ हजार सत्तर नळ्या

१९०० हे वर्ष मायबाख यांच्या आयुष्यात दुःख आणि यश एकत्र घेऊन आले. ६ मार्च रोजी गॉटलीब डाइम्लर यांचे निधन झाले. त्याच महिन्यात दक्षिण फ्रान्समधील नीस ते ला तुर्बी या चढाच्या शर्यतीत फिनिक्स गाडी भिंतीवर आदळून चालक विल्हेल्म बाउअर मृत्युमुखी पडले. ही गाडी उंच, आखूड आणि पुढच्या बाजूला जड होती. अधिकाधिक शक्तीच्या मागे लागून जुन्याच सांगाड्यावर मोठे इंजिन चढवल्याचा हा परिणाम होता. शर्यतींतून माघार घ्यावी, असे कंपनीतील काहींना वाटू लागले.

नीसमध्ये राहून धनिकांना डाइम्लर गाड्या विकणारे एमिल येलिनेक यांचे मत वेगळे होते. माघार घेणे म्हणजे धंदा संपवणे, असे त्यांना वाटे. गाडी लांब, रुंद, बुटकी आणि हलकी करावी, इंजिन अधिक शक्तीचे असावे आणि तिला आपल्या मुलीचे मर्सिडीज हे नाव द्यावे, अशी मागणी करून त्यांनी छत्तीस गाड्यांची नोंदणी केली. साडेपाच लाख मार्कांचा हा व्यवहार होता. आराखड्याची जबाबदारी अर्थातच मायबाख यांच्यावर आली आणि हाती होते अवघे काही महिने.

चार सिलिंडरांचे, सुमारे सहा लिटर क्षमतेचे आणि पस्तीस अश्वशक्तीचे इंजिन थंड ठेवायचे, तर जुन्या पद्धतीने भरमसाट पाणी वाहून न्यावे लागले असते आणि गाडी हलकी राहिली नसती. मायबाख यांनी गोल नळ्यांऐवजी चौकोनी नळ्या घेतल्या. प्रत्येक नळी सहा मिलिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर उंच. अशा आठ हजार सत्तर नळ्या एकमेकींना लागून रचून त्यांनी गाडीच्या तोंडाशी आयताकृती जाळी उभी केली. नळ्यांतून वारा जाई आणि नळ्यांमधल्या अतिशय चिंचोळ्या फटींतून पाणी वाहत असे. चौकोन एकमेकांना नीट चिकटत असल्याने फटी अरुंद राहिल्या, वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी वाढला आणि लागणारे पाणी निम्म्यावर म्हणजे नऊ लिटरवर आले. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या या जाळीला पोळ्याचा रेडिएटर असेच नाव पडले.

या रेडिएटरच्या मागे त्यांनी एक लहान पंखा बसवला, ही गोष्ट सहसा कोणी आवर्जून सांगत नाही. सपाट रस्त्यावर वेगात असताना वारा फुकट मिळतो. परंतु चढावर इंजिन सर्वाधिक कष्ट करीत असते आणि गाडी मात्र संथ असते. उष्णता सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी, अशी ती अवघड वेळ. नेमक्या या वेळेसाठी तो पंखा होता.

पहिली गाडी डिसेंबर १९०० मध्ये तयार होऊन नीसला रवाना झाली. मार्च १९०१ च्या शर्यतींत मर्सिडीज गाड्यांनी प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. बाउअर यांचा बळी घेणाऱ्या ला तुर्बीच्या चढावर आता सरासरी वेग ताशी ५१.४ किलोमीटर होता. आधीचा विक्रम ३१.३ किलोमीटरचा होता. पाहणाऱ्यांना बुटकी, लांब, झेपावणारी गाडी दिसली. घोडागाडीचे रूप टाकून देणारी ही पहिली आधुनिक मोटार, असे इतिहासकार मानतात. तिच्या तोंडावरील जाळी इतकी परिचित झाली, की मोटारीचा चेहरा म्हणजे रेडिएटर हे समीकरण पुढे अनेक दशके टिकले.

नाव दुसऱ्यांचे

फ्रान्समध्ये त्यांना आराखडाकारांचा राजा म्हणून गौरवले जाऊ लागले. त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात मात्र चित्र वेगळे होते. कंपनी डाइम्लर यांच्या नावाची, गाडी येलिनेक यांच्या कन्येच्या नावाची. मायबाख हे नाव कोठेच नव्हते. डाइम्लर हयात असताना त्यांच्या पाठीशी कोणीतरी उभे होते. ते गेल्यावर हा अबोल माणूस एकाकी पडला. कारखान्याच्या मुख्य कामापासून त्यांना हळूहळू दूर करण्यात आले. १९०६ मध्ये त्यांनी शर्यतीच्या गाडीसाठी सहा सिलिंडरांचे पुढारलेले इंजिन आखले. पण त्यानेही त्यांची बाजू सावरली नाही. १९०७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी कंपनी सोडली.

पुढचे वळण आकाशातून आले. काउंट त्सेपेलिन यांचे महाकाय हवाईजहाज ऑगस्ट १९०८ मध्ये एश्टरडिंगेन येथे वादळात सापडून जळाले. इंजिनात बिघाड झाल्याने ते तेथे उतरवावे लागले होते. हवाईजहाजांना भरवशाची इंजिने हवी होती आणि १९०९ मध्ये त्यासाठी नवी कंपनी स्थापन झाली. तिची तांत्रिक सूत्रे मायबाख यांचे पुत्र कार्ल यांच्याकडे आली आणि विल्हेल्म सल्लागार झाले. ही कंपनी पुढे फ्रीड्रिख्सहाफेनला गेली आणि कालांतराने मायबाख याच नावाने ओळखली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला विमानांची इंजिने बनवण्यास बंदी झाली, तेव्हा कार्ल मोटारींकडे वळले आणि १९२१ मध्ये मायबाख नावाची पहिली गाडी बर्लिनच्या प्रदर्शनात उभी राहिली. वयाच्या पंचाहत्तरीत विल्हेल्म यांना आपले आडनाव गाडीवर दिसले.

मानसन्मानही उशिरा आले. १९१६ मध्ये श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने अनाथाश्रमात शिकलेल्या या माणसाला सन्माननीय डॉक्टरेट दिली. ऑगस्ट १९२९ मध्ये ग्राफ त्सेपेलिन या हवाईजहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्याला पाच मायबाख इंजिने होती. काचघरात पाहिलेले आकाशाचे स्वप्न असे पुरे झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, २९ डिसेंबर १९२९ रोजी, मायबाख यांचे श्टुटगार्ट येथे निधन झाले. कानश्टाटमधील ज्या दफनभूमीत डाइम्लर विसावले आहेत, तेथेच त्यांचीही समाधी आहे.

आजच्या बॉनेटखाली

घाटात उभ्या असलेल्या जुन्या एसयूव्हीचे बॉनेट उघडले, तर मायबाख यांची व्यवस्था बदललेल्या रूपात तेथे दिसते. आता पाणी चपट्या नळ्यांतून वाहते आणि वारा त्यांच्यामधल्या पातळ पत्र्यांमधून जातो. पाण्यात गंजरोधक कूलंट मिसळलेले असते, झाकण दाब राखून पाण्याचा उत्कलनबिंदू शंभर अंशांच्या वर नेते आणि थर्मोस्टॅट इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो. मूळ हिशेब मात्र तोच आहे आणि म्हणून निदानाचा क्रमही तोच राहतो.

पहिली तपासणी पाण्याची, तीही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले, तर दाबाखालचे पाणी उसळून चेहरा आणि हात भाजतात. दरवर्षी अनेक जण ही चूक करतात. पातळी खाली गेली असेल, तर गळती शोधावी. येथे एक फसगत होते : पाणी फारच कमी झाले, तर तापमापकाचा संवेदक कोरडा पडतो आणि काटा खाली दिसत असतानाही इंजिन भाजत असते. गळती दिसत नसताना पाणी कमी होत असेल, तेल दुधाळ झाले असेल किंवा मागून पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि गाडी पुढे रेटू नये.

दुसरी तपासणी पृष्ठभागाची. बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे भरले गेल्यास नळ्यांत आतून थर साचतो. बाहेरून चिखल, कचरा आणि किडे जाळीत अडकतात. एसयूव्हीमध्ये रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असल्याने या दोहोंमधला कचरा समोरून दिसतही नाही. गाडी वेगात तापण्याचे हे नेहमीचे कारण. शंका आली की थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्याने इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त जळते आणि मूळ दोष तसाच राहतो.

तिसरी तपासणी पंख्याची. जुन्या एसयूव्हींमध्ये पंखा बहुधा इंजिनावरच फिरतो; पण मध्ये सिलिकॉन तेल भरलेला क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा तापली, की या क्लचची पकड घट्ट होते आणि पंखा जोरात फिरू लागतो. क्लच झिजला किंवा त्यातील तेल गळून गेले, तर पंखा फिरताना दिसतो, पण वारा ओढत नाही. इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने फिरवावा. तो विरोध न करता गरगरा फिरला, तर क्लच निकामी झाला असे समजावे. विजेचा पंखा असेल, तर या तपासणीत हात त्याच्यापासून दूरच ठेवावा, कारण तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. तो वेळेवर सुरू होत नसेल, तर फ्यूज, रिले, तापमानाचा संवेदक आणि मोटार या क्रमाने पाहावे. बहुतेक गाड्यांत एसी सुरू केला, की हा पंखा फिरतो. एसी लावल्यावर तो फिरत असेल आणि इंजिन तापल्यावर फिरत नसेल, तर मोटार शाबूत असून दोष संवेदकाकडे किंवा त्याच्या तारांकडे आहे, हे गाडी न खोलताच कळते. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे तुटले म्हणून काढून टाकलेले असेल, तर तेही परत बसवावे. त्याविना पंखा वारा रेडिएटरमधून न ओढता आजूबाजूचाच फिरवत बसतो.

पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्यात आज मर्सिडीज गाड्यांची जुळणी होते आणि त्यांतील सर्वांत महागड्या श्रेणीवर मायबाख हे नाव असते. ती गाडी फार थोड्यांच्या नशिबी असते. परंतु पाणी, पृष्ठभाग आणि वारा यांचा मायबाख यांनी घातलेला मेळ खंडाळ्याच्या चढावर धापा टाकणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीतही आहे. चढावर वारा कमी पडेल, हे ओळखून सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांनी तेथे पंखा ठेवला होता. पुढच्या उन्हाळ्यात घाट चढण्यापूर्वी तो नीट फिरतो की नाही, एवढे आपण पाहून घ्यावे.